‘हा सुपरमॅन नाहीच’ असं भाचीला सांगण्याआधी

वाचकाचं पत्र

मी नव्वदच्या दशकातल्या ‘बॅटमॅन’ आणि ‘सुपरमॅन’ या अ‍ॅनिमेटेड मालिकांवर वाढलो. त्यांचे कितीतरी भाग मला आजही जवळजवळ पाठ आहेत. माझी चौदा वर्षांची भाची सध्या ‘माय अ‍ॅडव्हेंचर्स विथ सुपरमॅन’ बघते. तिने हट्ट धरला म्हणून मी दोन भाग तिच्यासोबत पाहिले आणि स्पष्ट सांगून टाकलं, की हा सुपरमॅन नाहीच. हा लाजरा, रडका मुलगा आहे. चित्रं जपानी धाटणीची आहेत, आणि आमच्या मालिकेत जे गांभीर्य होतं ते इथे औषधालाही नाही. त्यावर ती म्हणाली, “मामा, तुला नवीन काही आवडतच नाही.” तेव्हापासून ती माझ्याशी या विषयावर बोलत नाही. मला खोटं कौतुक जमत नाही. माझे मित्रही माझ्यासारखंच बोलतात. नवीन मालिका खरंच कमी दर्जाच्या आहेत, की आमचंच वय झालं? आणि आवडलं नाही तर टीका करायचीच नाही का?

— एक जुना चाहता

उत्तर

नमस्कार.

खोटं कौतुक करूच नका. चौदा वर्षांच्या मुलीला ते लगेच ओळखू येतं, आणि मग तुमच्या खऱ्या कौतुकालाही किंमत राहत नाही. टीका जरूर करा. माझी तक्रार आहे ती तुम्ही तुलना कशी केलीत त्याबद्दल. एका बाजूला तुम्ही ठेवलेत नव्या मालिकेचे सुरुवातीचे दोन भाग. दुसऱ्या बाजूला ठेवलंत ते वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा पाहून मनात गाळून उरलेलं सर्वोत्तम. या सामन्यात कुठलीच नवी मालिका जिंकू शकत नाही. तुमची लाडकी मालिकासुद्धा पहिल्या दोन भागांवर जिंकली नसती.

1992 साली सुरू झालेल्या ‘बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज’चंच घेऊ. ती थोर मालिका आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. एरिक राडोम्स्की यांनी पार्श्वभूमी पांढऱ्याऐवजी काळ्या कागदावर रंगवायला लावली, म्हणून बॅटमॅनच्या त्या गॉथम शहरात अंधार आधीपासून असतो आणि प्रकाश मागून येतो. शर्ली वॉकर यांचं संगीत खऱ्या ऑर्केस्ट्रावर वाजवलेलं आहे. केविन कॉनरॉय यांनी ब्रूस वेन आणि बॅटमॅन यांना दोन वेगळे आवाज दिले आणि मार्क हॅमिल यांनी जोकरच्या हसण्यालाच एक व्यक्तिमत्त्व दिलं. ‘हार्ट ऑफ आइस’ या भागाच्या लेखनासाठी पॉल डिनी यांना डेटाइम एमी मिळाला, तो अगदी योग्यच होता. पण या मालिकेचे एकूण 85 भाग आहेत. त्यांतच ‘आय हॅव गॉट बॅटमॅन इन माय बेसमेंट’ हाही आहे, ज्यात बेशुद्ध बॅटमॅनला काही मुलं तळघरात लपवतात आणि पेंग्विनपासून वाचवतात. तो तुम्ही अलीकडे कधी पाहिलात? मालिकेच्या कट्टर चाहत्यांनाही तो कच्चा वाटतो. तुमच्या पाठ असलेल्या भागांत तो नसणार, आणि त्यात काही गैर नाही. आवडतं ते आपण पुन्हा पाहतो, नावडतं ते विसरतो. फक्त तुलना करायला बसल्यावर ही गाळणी लावलेली आहे याचं भान हवं.

चित्रांबद्दलही तेच. त्या मालिकेचे भाग जपान आणि कोरियातल्या वेगवेगळ्या स्टुडिओंमध्ये काढले जात, आणि दर्जा भागागणिक खालीवर होई. याचा पुरावा तुम्हाला एकाच संध्याकाळी मिळेल. ‘फीट ऑफ क्ले’ ही क्लेफेस या रूपं बदलणाऱ्या खलनायकाची दोन भागांची कथा काढा. पहिला भाग कोरियाच्या अकोम स्टुडिओने केला, दुसरा जपानच्या टीएमएसने. कथा एक, पात्रं तीच, आराखडेही तेच. पहिल्या भागात हालचाली अडखळतात, चेहरे मधूनच बदलतात. दुसऱ्या भागाच्या शेवटी क्लेफेस झालेला नट मॅट हेगन भिंतीवरच्या पडद्यांवर स्वतःच्याच जुन्या भूमिका पाहतो आणि त्याचं मातीचं शरीर एकामागून एक रूपं घेत वितळत जातं. तो प्रसंग अजूनही अंगावर काटा आणतो. म्हणजे ‘तेव्हाचं अ‍ॅनिमेशन’ नावाची एकच एक गोष्ट तेव्हाही नव्हती.

इतर मालिकांकडे पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. 1994 च्या ‘स्पायडर-मॅन’वर वाहिनीची इतकी बंधनं होती, की स्पायडर-मॅन कोणाला ठोसा मारताना क्वचितच दिसतो आणि मॉर्बियससारखा रक्तपिपासू खलनायक ‘प्लाझ्मा’ मागत फिरतो. चित्रांचे जुने तुकडेही पुन्हापुन्हा वापरलेले दिसतात. ‘एक्स-मेन’च्या शेवटच्या मोजक्या भागांत स्टुडिओ बदलला आणि पात्रांचे चेहरेच वेगळे झाले. आपण हे सगळं पाहिलं आणि तरीही प्रेम केलं, कारण ‘रोग’ (Rogue) नावाची नायिका आणि वुल्व्हरिन यांच्या मनात काय चाललंय याच्याशी आपलं घेणंदेणं होतं. हीच माया नव्या मालिकेला द्यायला आपण तयार नसतो. तिथे एका फ्रेममधला हात वाकडा दिसला तरी तो आपण मित्रांना थांबवून दाखवतो.

आता ‘हा सुपरमॅन नाहीच’ या वाक्याकडे येते, कारण चाहत्यांच्या टीकेत ते सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि सगळ्यात कमी तपासलं जातं. ‘नाहीच’ म्हणताना आपण कशाशी ताडून पाहतो? म्हणतो मूळ कॉमिक्सशी, पण मनात असते ती आपण पाहिलेली मालिका. हार्ली क्विन कॉमिक्समधून आलेली नाही. ती 1992 मध्ये त्या ‘बॅटमॅन’ मालिकेतच जन्मली आणि कॉमिक्समध्ये नंतर गेली. मिस्टर फ्रीझची गोठलेली पत्नी नोरा, जिच्यामुळे आपल्याला त्या खलनायकाची कणव येते, तीही ‘हार्ट ऑफ आइस’चीच देणगी. त्याआधी फ्रीझ म्हणजे बर्फाची बंदूक घेतलेला एक किरकोळ चोर होता. आणि तुमच्या 1996 च्या ‘सुपरमॅन’ मालिकेने तर खलनायक ब्रेनिअ‍ॅकचं कुळच बदललं. कॉमिक्समध्ये तो दुसऱ्याच ग्रहावरचा. मालिकेने त्याला सुपरमॅनच्या जन्मग्रहाचा, क्रिप्टनचा, सर्वज्ञ संगणक केलं, ज्याला ग्रह नष्ट होणार हे ठाऊक असतं आणि जो स्वतःला वाचवण्यासाठी ते लपवतो. त्या वेळी एखाद्या जुन्या वाचकाने ‘हा ब्रेनिअ‍ॅक नाहीच’ म्हणून दोन भागांत टीव्ही बंद केला असता, तर त्याने काय गमावलं असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ही नाराजी नवी नाहीच. 1997 मध्ये बॅटमॅनची मालिका नव्या नावाने परतली तेव्हा पात्रांचे आराखडे बदलले. जोकरचे लाल ओठ गेले, डोळे काळेभोर झाले, आणि चाहते संतापले. त्याच बदललेल्या चेहऱ्यांत ‘मॅड लव्ह’ आणि ‘ओव्हर द एज’ घडले, ज्यांची आज तेच चाहते शपथ घेतात. 1999 मध्ये ‘बॅटमॅन बियॉन्ड’ आली, तेव्हा ‘किशोरवयीन बॅटमॅन’ ही कल्पनाच अनेकांना वाहिनीने लादलेली वाटली. वाहिनीला तरुण नायक हवा होता हे खरंही होतं. पण म्हाताऱ्या, एकाकी ब्रूसला नव्या बॅटमॅनच्या, टेरी मॅकगिनिसच्या, कानात बोलताना ऐकल्यावर ती कल्पना किती खोल आहे ते हळूहळू उमगलं. 2004 च्या ‘द बॅटमॅन’मधला मोकळ्या जटांचा, अनवाणी जोकर तर अनेकांना आजही पचत नाही. मला त्याची माकडासारखी उड्या मारण्याची लकब आवडते, पण तो वाद पुन्हा कधीतरी.

सगळ्यात बोलकं उदाहरण ‘टीन टायटन्स’चं. 2003 मध्ये ती आली तेव्हा तक्रार कोणती होती? चित्रं जपानी धाटणीची, मधूनच डोळे मोठे होतात, घामाचे थेंब उडतात, ‘जस्टिस लीग’चं गांभीर्य नाही. ओळखीचं वाटतंय ना? पुढे खलनायक स्लेड आणि नायिका रेव्हन हिच्या वडिलांच्या कथांनी लोकांना धरून ठेवलं. 2013 मध्ये त्याच पाच कलाकारांच्या आवाजांत ‘टीन टायटन्स गो!’ सुरू झाली, तेव्हा दहा वर्षांपूर्वीची ‘पोरकट’ मालिका एकदम गांभीर्याचा मापदंड झाली. ‘गो!’ ही अकरा-अकरा मिनिटांच्या भागांची निखळ विनोदी मालिका आहे. तिला शोकांतिकेच्या मापाने मोजलं की ती नापास होणारच. तिचे विनोद फसतात तेव्हा जरूर म्हणा की विनोद फसला. कितीतरी भागांत तो फसतोही. पण ‘रेव्हनचं दुःख कुठे गेलं?’ हा प्रश्न तिथे गैरलागू आहे.

तर मग टीका कशावर करायची? आजच्या मालिकांवर करण्यासारखी खरी, मुद्देसूद टीका भरपूर आहे, आणि ती अभ्यासू चाहत्यानेच करायला हवी. पहिली गोष्ट वेळेची. पूर्वी आठवड्याचे पाच दिवस दाखवायला वाहिन्यांना ढीगभर भाग लागत, 65 भागांची मालिका ही नेहमीची गोष्ट होती. आज एका सीझनला बहुधा आठ-दहा भाग मिळतात. यात फायदा असा, की भरतीचे भाग कमी होतात. तोटा असा, की कथेला श्वास घ्यायला जागा उरत नाही. जुन्या ‘एक्स-मेन’ने फिनिक्सची कथा पाच भागांत सांगितली आणि डार्क फिनिक्सला आणखी चार भाग दिले. 2024 च्या ‘एक्स-मेन 97’ने जीन ग्रे आणि तिची प्रतिकृती मॅडलिन प्रायर यांची, गॉब्लिन क्वीनची, अख्खी गुंतागुंत मुख्यतः एका भागात उरकली. एक बाई आपण आपण नाहीच हे कळून उन्मळून पडते आणि पंचवीस-तीस मिनिटांत सगळं मार्गी लागतं. मला तिथे चुटपुट लागली, आणि मी ती मोकळेपणाने सांगते. पण त्याच मालिकेचा पाचवा भाग, जेनोशा या म्युटंटांच्या बेटाचा, जुन्या मालिकेत कधीच शक्य झाला नसता इतका धीट आणि हृदय पिळवटणारा आहे, हेही त्याच दमात सांगायला हवं. दोन्ही सांगितलं की समोरच्याला कळतं, की तुम्ही खरोखर पाहिलंय.

अशी नेमकी टीका वाया जात नाही. 2001 मध्ये ‘जस्टिस लीग’ सुरू झाली तेव्हा चाहत्यांचं म्हणणं होतं, की सुपरमॅनच्या चेहऱ्यावरच्या रेघांमुळे तो थकलेला, वयस्क दिसतो, आणि लढाईत सगळ्यांत आधी तोच आडवा होतो. दोन्ही गोष्टी पडद्यावर बोट ठेवून दाखवता येत होत्या. पुढच्या सीझनमध्ये चेहरा बदलला आणि त्याची ताकदही परत आली. ‘मालिका बकवास आहे’ या वाक्यातून कोणाला काय दुरुस्त करता आलं असतं?

तुमच्या मित्रमंडळींत आणखी एक सूर असेल, म्हणून त्याबद्दलही बोलते. 2024 च्या ‘बॅटमॅन: केप्ड क्रुसेडर’मध्ये पेंग्विन स्त्री आहे, ऑस्वाल्डा. मालिका सुरू होण्याआधीच त्यावर गदारोळ झाला. ‘एक्स-मेन 97’च्या मॉर्फ या पात्राबद्दलही एकही भाग न पाहता तेच झालं. पात्राचं लिंग, वर्ण किंवा ओळख बदलली एवढ्यावरच राग येत असेल, तर तो राग मालिकेच्या दर्जाबद्दल नसतो, हे स्वतःशी प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. ऑस्वाल्डाच्या क्रौर्याला पहिल्याच भागात पुरेशी पूर्वतयारी मिळाली का, असं विचारा. तो न्याय्य प्रश्न आहे, आणि माझ्या मते उत्तर ‘नाही’ असं आहे. ही मालिका ब्रूस टिम यांचीच आहे, तुमच्या जुन्या बॅटमॅनच्या निर्मात्यांपैकी एकाची. त्यांनी तेच पुन्हा न करता 1940 च्या दशकातला, अजून माणसांत न रुळलेला बॅटमॅन उभा केला. ज्यांना जुनीच मालिका परत हवी होती त्यांची निराशा झाली, आणि त्यात एक वेगळं दुःखही मिसळलेलं होतं. केविन कॉनरॉय 10 नोव्हेंबर 2022 ला गेले. त्यांच्यानंतर त्या भूमिकेतला कोणताही आवाज काही दिवस परका वाटणारच. हे दुःख बोलून दाखवावं, त्यात लाज नाही. मात्र त्याचा भार नव्या बॅटमॅनला आवाज देणाऱ्या हॅमिश लिंकलेटर यांच्या कामावर टाकू नये. आणि कुठल्याही चित्रकाराला किंवा लेखकाला गाठून शिव्या घालणं याला मी टीका म्हणत नाही. तुम्ही तसं करत असाल असं पत्रावरून वाटत नाही. मित्रांपैकी कोणी करत असेल तर त्याला थांबवा.

उलट बाजूने ‘कार्टूनच तर आहे, लहान मुलांसाठी आहे, एवढं काय मनावर घ्यायचं’ असं म्हणणारे भेटतील. त्यांचंही ऐकू नका. तुमच्या लहानपणी ज्यांनी त्या मालिका बनवल्या त्यांनी मुलांना कमी लेखलं नाही, म्हणून त्या टिकल्या. भाचीच्या मालिकेकडून तीच अपेक्षा ठेवणं हा तिचाही मान आहे.

आता तुमच्या तीन आक्षेपांकडे वळते. जपानी धाटणी ही चूक नव्हे, ती शैली आहे. कोरियाच्या स्टुडिओ मीरने ही मालिका काढली आहे आणि तिच्यातल्या लढायांचा वेग मुद्दाम पाहण्यासारखा आहे. गांभीर्य कमी आहे हे खरं. पण ही मालिका मुळात डेली प्लॅनेट या वृत्तपत्रात उमेदवारी करणाऱ्या तीन तरुणांच्या मैत्रीची आणि त्यांतल्या दोघांच्या प्रेमाची आहे. लोइसला क्लार्कचं, म्हणजे सुपरमॅनचं, गुपित कळतं तेव्हा तिला जो राग येतो, तिथे गांभीर्य शोधा, सापडेल. आणि ‘रडका’? तुमच्या मालिकेचा ‘लास्ट सन ऑफ क्रिप्टन’ आठवा. त्याला वाढवणारे आई-वडील तो ज्यातून आला त्या यानाचं सत्य सांगतात तेव्हा तुमचा क्लार्कही हादरून घराबाहेर धावत सुटतो. भाचीचा क्लार्क त्याच धक्क्यात जास्त वेळ राहतो, एवढाच फरक. शिवाय तुमच्या मालिकेत जन्मदात्या वडिलांचा, जोर-एलचा, संदेश क्लार्कला सरळ समजतो. तिच्या मालिकेत बापाची आकृती समोर उभी राहून क्रिप्टनच्या भाषेत बोलत राहते आणि मुलाला त्यातला एक शब्द कळत नाही. जन्मदाता समोर आहे आणि काय सांगतोय ते समजत नाही, ही कल्पना मला जुन्या मालिकेतल्या प्रसंगापेक्षा सरस वाटते. तुम्हाला तसं वाटणार नाही कदाचित. मग का नाही, ते भाचीला सांगा. अशा वादाला ती नक्की बसेल.

माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे, तुम्हाला हवी तर वापरा. पहिल्या सीझनमधले बहुतेक खलनायक एकाच साच्यातले आहेत. कुठून तरी क्रिप्टनचं यंत्र हाती लागतं आणि माणूस खलनायक होतो. तुमच्या मालिकेत पॅरासाइट, मेटॅलो, टॉयमन या प्रत्येकाला स्वतःची जखम होती. इथे जुनी मालिका निःसंशय वरचढ आहे.

तेव्हा असं करा. आधी तिच्याकडे जाऊन सांगा, की मी दोनच भाग पाहून निकाल दिला, आता पहिला सीझन पूर्ण बघतो. तो दहा भागांचा आहे, एका सुट्टीच्या दिवशी संपतो. बघताना तुलना मनातच ठेवा. संपल्यावर तिला विचारा, की तुला सगळ्यांत आवडलेला प्रसंग कोणता आणि सगळ्यांत फसलेला कोणता. दुसऱ्या प्रश्नाचं तिचं उत्तर ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल असा माझा अंदाज आहे. मुलं त्यांच्या आवडत्या मालिकेचे दोष आपल्यापेक्षा बारकाईने ओळखतात, फक्त ते आपल्यासमोर कबूल करत नाहीत, कारण आपण लगेच ‘बघ, मी म्हटलं होतं’ म्हणतो. ते म्हणू नका. मग तुमचा खलनायकांचा मुद्दा मांडा, नावं घेऊन, प्रसंग सांगून.

दुसरा सीझन सुरू कराल तेव्हा त्यात ब्रेनिअ‍ॅक येईल, आणि तो क्रिप्टनचाच असेल. तुमच्या मालिकेने 1996 मध्ये केलेला बदल तिच्या मालिकेने उचलला आहे. तो सीझन संपला की ‘लास्ट सन ऑफ क्रिप्टन’चा पहिला भाग तिला दाखवा. त्यात ब्रेनिअ‍ॅक क्रिप्टनच्या मंडळाला शांतपणे खोटं सांगतो, आणि मंडळ जोर-एलला वेड्यात काढतं. भाग लावण्याआधी प्रस्तावना करू नका, ‘आमच्या वेळी’ने सुरुवात तर मुळीच नको. बघून झाल्यावर दोन ब्रेनिअ‍ॅकपैकी जास्त भयंकर कोण, एवढंच विचारा. आणि तिने तिच्या ब्रेनिअ‍ॅकचं नाव घेतलं, तर कारण पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय तुमचं मत सांगू नका.